घराची शाकारणी आणि आणलेली अवजारे

मृग लागण्यापूर्वी आपण घराची शाकारणी करतो. फुटकी कौले बदलतो, गळती बुजवतो. पण बाजारातून आणलेल्या पाण्याच्या इंजिनाचे काय? कौले नवी झाली म्हणून इंजिनाचा झिजलेला वॉशर आपोआप बदलला, असं कधी झालं आहे का? घराची देखभाल वेगळी, अवजाराची वेगळी. संगणकाचेही तसेच आहे, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे भली भली माणसे फसतात. आज तेवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ.

उदाहरणाला फ्रीबीएसडी घ्या. ही युनिक्सच्या वंशातली, फुकट मिळणारी संगणक-यंत्रणा. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेतून ती निघाली. १९९३ साली तिची पहिली आवृत्ती आली. तिच्यात दोन भाग स्पष्ट वेगळे ठेवले आहेत. एक मूळ यंत्रणा. ती फ्रीबीएसडीची मंडळी स्वतः सांभाळतात. दुसरा भाग इतरांनी रचलेल्या प्रोग्रॅमांचा. पत्रे आणि तक्ते करायचे लिब्रेऑफिस, इंटरनेट पाहायचे फायरफॉक्स, हे त्यातलेच. असे ३०,००० हून अधिक प्रोग्रॅम ‘पोर्ट्स’ नावाच्या संग्रहात आहेत. बसवल्यावर ते ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’ नावाच्या निराळ्या कोठारात जातात. चौदाव्या आवृत्तीपर्यंत मूळ यंत्रणेची डागडुजी ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ ही आज्ञा करते. ती या कोठाराला हातही लावत नाही.

बरे, कोठाराकडे दुर्लक्ष झाले तर काय बिघडते? २०१४ सालची हकिकत ऐका. दोन संगणकांमधले बोलणे तिसऱ्याला कळू नये म्हणून ते कुलूपबंद करण्याचे काम ओपनएसएसएल करते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या १.०.१ या आवृत्तीत एक भोक राहून गेले होते. ७ एप्रिल २०१४ रोजी ते जगजाहीर झाले आणि त्याला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. कोणीही परका दुरून एक खोटी विचारणा करी आणि संगणकाच्या स्मरणातला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा उचलून नेई. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही असू शकत.

आता पुढचं नीट ऐका. फ्रीबीएसडीच्या नवव्या आवृत्तीत मुळातच असलेले ओपनएसएसएल जुन्या ०.९.८ या पिढीचे होते. त्यात हे भोक नव्हते. पण ज्यांनी पोर्ट्समधून १.०.१ आणून वापरायला घेतले होते, त्यांचे दार सताड उघडे! घर शाबूत होते. गळती आणलेल्या अवजारात होती. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी निघाली, पण ती ज्याने आणून बसवली त्याच्याच कामाची.

मग करायचं काय? प्रथम आपल्या कागदपत्रांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग व्यवस्थापकाच्या खात्यातून ‘पीकेजी अपडेट’ ही आज्ञा द्या. तिने फक्त मालाची ताजी यादी येते, माल नव्हे. ‘पीकेजी अपग्रेड’ म्हटले की नव्या आवृत्त्या येतात. काय बदलणार हे ती आधी दाखवते आणि होय की नाही विचारते. तिथे घाईने ‘होय’ म्हणू नका. क्वचित एखादा गरजेचा प्रोग्रॅम ‘काढून टाकणार’ या यादीत गेलेला असतो. पोर्ट्सच्या संग्रहात ‘अपडेटिंग’ नावाची फाईल असते. अडचणीच्या बदलांच्या सूचना तिच्यात तारखेनिशी मिळतात.

नवे आले तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम स्मरणातल्या जुन्या प्रतीवरच चालत राहतो. म्हणून तो बंद करून पुन्हा सुरू करा. शेवटी ‘पीकेजी ऑडिट’ म्हणा, आणि एक जागा सोडून आडवी रेघ व मोठा एफ जोडा. बसवलेल्या प्रोग्रॅमांपैकी कशात भोक असल्याचे माहीत झाले आहे, ते ही आज्ञा सांगते. बुजवण्याचं काम मात्र तुमचं.

आणखी दोन गोष्टी. मूळ यंत्रणेची मोठी आवृत्ती बदलली, समजा तेरावरून चौदावर गेलात, तर कोठारातले सगळे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीसाठी तयार केलेले पुन्हा बसवून घ्यावे लागतात. आणि एखादा प्रोग्रॅम कोणी पॅकेजाविना हाताने बसवला असेल, तर त्याची खबर ‘पीकेजी’ला नसते. तो तुमच्या वहीत लिहिलेला हवा.

गुरुजी, तुमच्या शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल तर आज्ञा निराळ्या असतील, पण रीत हीच. आठवड्याचा एक वार ठरवा. तारीख, काय बदलले आणि तपासणीत काय निघाले, हे मोठ्या वर्गातल्या मुलांकडून वहीत लिहून घ्या. शाळेच्या संगणकात गावच्या मुलांची नावे, जन्मतारखा, गुण ठेवलेले असतात. ते सांभाळायला विश्वासाने आपल्या हाती दिलेले आहेत.