गांजा की हेम्प : जनुके काय सांगतात

अमेरिकेच्या २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने हेम्पची, म्हणजे धागा, बी आणि औषधी अर्कासाठी लावल्या जाणाऱ्या कॅनाबिसच्या पिकाची, व्याख्या एका आकड्यावर बसवली : वाळलेल्या वनस्पतीत टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत असेल तर पीक कायदेशीर, त्यापुढे गेले की तोच माल गांजा. हा आकडा १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवलेला होता. दोन्ही झाडे एकाच जातीची असून पोलिसांच्या नेहमीच्या रंगचाचणीत दोहोंचाही रंग जांभळाच येतो. त्यामुळे २०१९ साली टेक्सासने हेम्पला मुभा देताच, टक्केवारी मोजण्याची सोय बहुतेक प्रयोगशाळांत नसल्याने, सरकारी वकिलांना गांजाचे शेकडो खटले सोडून द्यावे लागले.

अशा वेळी जनुकशास्त्राकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. कॅनाबिसमध्ये सीबीजीए नावाचे एक आम्ल तयार होते आणि त्यावर दोन विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, हक्क सांगतात : एक त्यापासून टीएचसीचे पूर्वद्रव्य बनवते, दुसरे नशा न आणणाऱ्या सीबीडीचे. गांजाच्या वाणांत पहिल्या विकराचे जनुक कार्यक्षम असते, हेम्पमध्ये सहसा दुसऱ्याचे, आणि संकरित झाडांत दोन्ही. रासायनिक मोजणीला फुलोरा लागतो. जनुकीय चाचणीला मात्र कोवळे रोप, मूळ किंवा रुजू शकणारे बीही पुरते, आणि हा तिचा मोठाच फायदा आहे.

तरीही जनुक प्रकार सांगते, टक्केवारी नव्हे. सीबीडीचे विकर आपले काम करताना थोडे टीएचसीचे पूर्वद्रव्यही बनवून जाते, साधारण वीस भागांमागे एक. म्हणून सीबीडी सात-आठ टक्क्यांवर गेलेले, जनुकांनी निखळ हेम्प असलेले पीकही पक्व होताना कायद्याची मर्यादा ओलांडू शकते. अशा शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात विज्ञानापेक्षा आकड्याचाच हात अधिक.

डीएनएची खरी ताकद माग काढण्यात आहे. डीएनएतील काही छोटे तुकडे लागोपाठ किती वेळा येतात हे मोजून प्रत्येक झाडाची ओळख ठरवता येते, आणि छाट कलमांनी वाढवलेल्या झाडांची ही ओळख तंतोतंत जुळत असल्याने दोन ठिकाणी जप्त केलेला माल एकाच मातृवृक्षाचा आहे काय, हे तपासता येते. हरितलवकांतील, सहसा आईकडूनच येणारा डीएनए वाणाच्या मूळ प्रदेशाचाही अंदाज देतो.

भारतात मात्र प्रश्नच वेगळा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या टीएचसीवर नव्हे, तर झाडाच्या भागावर आधारलेली असून, फुलोऱ्याचे वा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा, आणि त्यांच्याविना असलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. शेंड्याचा आणि पानाचा डीएनए एकच असल्याने, जप्त पोत्यात नेमके काय भरले आहे हे येथे आधी भिंगाखालीच पाहावे लागते.