ई-मेल सर्व्हरवरील गर्दी आणि तिचे निवारण

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस जवळ आले, निविदांची मुदत संपत आली किंवा एखाद्या परीक्षेचा निकाल लागला, की संबंधित कार्यालयाकडे येणाऱ्या ई-मेलचा ओघ एकाएकी वाढतो. नेमक्या अशाच वेळी पत्र पोहोचत नाही, पेटी उघडत नाही, अशा तक्रारी येऊ लागतात. सर्व्हरची देखभाल करणारा कर्मचारी नोंदवही तपासतो, तेव्हा जोडण्यांची मर्यादा संपल्याचा इशारा त्यास दिसतो. ही मर्यादा तत्काळ वाढवावी, असा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक होय. परंतु पुष्कळदा या उपायाने गर्दी कमी न होता अधिकच वाढते. असे का घडते, हे समजण्यासाठी या यंत्रणेचे कार्य थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

पत्राची पावती आणि जबाबदारी

ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनुसार होते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये शब्दबद्ध केले. या नियमांनुसार पाठविणारा सर्व्हर प्रथम जोडणी मागतो. नमस्कार-चमत्कार झाल्यावर प्रेषकाचे व प्राप्तकर्त्याचे नाव सांगितले जाते, नंतर मजकूर दिला जातो आणि अखेरीस २५० हा क्रमांक पावती म्हणून मिळतो. पावती दिल्याक्षणी पत्राची जबाबदारी घेणाऱ्याकडे येते. म्हणून चांगला सर्व्हर पत्र डिस्कवर खरोखर लिहिले गेल्याची खात्री करूनच पावती देतो.

घेणाऱ्यास सवड नसेल, तर तो ४ ने सुरू होणारा क्रमांक सांगतो. त्याचा अर्थ ‘नंतर या’ असा आहे. पाठविणारा पत्र आपल्याजवळ ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. सबब, गर्दीमुळे पत्र सहसा हरवत नाही. परंतु ते काही तास उशिरा येते. अंतिम मुदतीच्या दिवशी अर्ज पाठविणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा विलंब नुकसानकारकच ठरतो.

मर्यादेचे गणित

उदाहरणादाखल पोस्टफिक्स ही यंत्रणा घेऊ. वीत्से वेनेमा यांनी तयार केलेली ही मुक्त प्रणाली १९९८ पासून सर्वांस उपलब्ध आहे. तिच्यात प्रत्येक सेवेसाठी एकाच वेळी १०० प्रक्रिया चालविण्याची मूळ मर्यादा असते. टपाल कचेरीत १०० खिडक्या असाव्यात, तसाच हा प्रकार होय. सर्व खिडक्या व्यापल्या, की पुढील आगंतुकास बाहेर तिष्ठत राहावे लागते.

किती खिडक्या व्यापल्या जातील, याचे गणित सोपे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, येणाऱ्यांचा वेग आणि प्रत्येकास लागणारा सरासरी वेळ यांचा गुणाकार केला, की एका वेळी आत असणाऱ्यांची संख्या मिळते. दर सेकंदास १० जोडण्या येत असतील आणि प्रत्येकीस ३ सेकंद लागत असतील, तर ३० खिडक्या पुरतात. पत्रांची संख्या तीच राहून प्रत्येक जोडणीस १२ सेकंद लागू लागले, तर मात्र १२० खिडक्या लागतील आणि १०० ची मर्यादा ओलांडली जाईल. म्हणजेच गर्दी होण्यास पत्रे वाढावीच लागतात असे नाही; काम मंदावले तरी ती होते.

वेळ कोठे जातो?

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की जोडणी इतका वेळ कशात अडकते? याची तीन कारणे वारंवार आढळतात. आलेल्या सर्व्हरचे नाव व लौकिक तपासण्यासाठी नामसेवेकडे विचारणा केली जाते. नामसेवा संथ असल्यास प्रत्येक जोडणी काही सेकंद निष्कारण थांबून राहते. नामसेवेची उत्तरे जवळच साठवून ठेवणारी व्यवस्था केली, तर हा दोष बराचसा दूर होतो. दुसरे कारण म्हणजे डिस्क. प्रत्येक पत्र लिहून घेण्यास ती अपुरी पडत असेल, तर पत्रांची रांग स्वतंत्र व वेगवान डिस्कवर ठेवावी. तिसरे कारण म्हणजे विषाणू व नको असलेली पत्रे शोधणारी गाळणी. ती एका वेळी दहाच पत्रे तपासू शकत असेल, तर बाहेर २०० खिडक्या उघडून काय उपयोग? गर्दी केवळ दारातून आत सरकते. शिवाय प्रत्येक प्रक्रियेस स्मृती लागते; ती संपली, की संगणक डिस्कचा आधार घेऊ लागतो आणि सर्वच कामे मंदावतात.

निरुपयोगी पत्रे पाठविणारी यंत्रेही खिडक्या अडवून बसतात. त्यांना दारातच पारखणारी ‘पोस्टस्क्रीन’ ही व्यवस्था पोस्टफिक्समध्ये २०११ पासून आहे. एकच प्रक्रिया अनेक आगंतुकांची परीक्षा घेते आणि खऱ्या सर्व्हरांनाच खिडकीपर्यंत जाऊ देते.

एका पत्त्यामागील अनेक माणसे

काही वेळा सर्व्हर मोकळा असूनही जोडणी नाकारली जाते. याचे कारण प्रत्येक ग्राहकास लावलेली स्वतंत्र मर्यादा हे होय. पेटी वाचण्यासाठी डव्हकॉट ही प्रणाली वापरात असेल, तर एका खात्यास एकाच पत्त्यावरून १० जोडण्या मिळतात. थंडरबर्डसारखे साधन एका खात्यासाठी पाच जोडण्या राखू शकते. कार्यालयाची सामाईक पेटी दोघांनी उघडली, की दहाचा आकडा भरतो आणि तिसऱ्या कर्मचाऱ्यास नकार मिळतो. कारण इमारतीतील सर्व संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. येथे मात्र मर्यादा वाढविणे योग्य ठरते. प्रत्येक संगणकावरील जोडण्या कमी करणे हाही एक मार्ग आहे.

रांगेची घाई करू नये

बाहेर जाणारी पत्रे तुंबली, म्हणजे ती ताबडतोब पुन्हा पाठविण्याची आज्ञा वारंवार दिली जाते. ही सवय घातक आहे. पोस्टफिक्स अडलेल्या पत्रासाठी आरंभी ३०० सेकंदांनी आणि पुढे अंतर वाढवीत कमाल ४००० सेकंदांनी प्रयत्न करतो. पाच दिवसांत यश न आल्यास पत्र प्रेषकाकडे परत जाते. एखादा दूरचा सर्व्हर संथ असताना सारी रांग पुन्हा हलविली, तर त्या अडलेल्या पत्रांमागे ताजी पत्रेही खोळंबतात. रांग पुसून टाकणे तर त्याहून वाईट. कारण त्या पत्रांची पावती आपण आधीच दिलेली असते.

सारांश, प्रथम नोंदवही वाचावी, विलंबाचे स्थान शोधावे व तेथे उपाय करावा. त्यानंतरही गरज भासल्यास स्मृतीचा अंदाज घेऊन मर्यादा थोडी थोडी वाढवावी आणि प्रत्येक बदलाचा परिणाम पाहावा. एरवीच्या दिवसांत किती जोडण्या येतात व प्रत्येकीस किती वेळ लागतो, याची टिपणे ठेवल्यास ती गर्दीच्या दिवशी फार उपयोगी पडतात. मुदतीच्या अखेरच्या दिवशी आलेला अर्ज वेळेत स्वीकारला जाणे हे बऱ्याच अंशी या पूर्वतयारीवर अवलंबून असते.