दोन चाकांचं अंतरंग, भाग ७ : व्हिचेन्झाचं सामान, तानसाकाठचं पाणी

मागच्या भागात आपण कॉटरपिनपाशी, म्हणजे क्रँक अ‍ॅक्सलवर पक्की करणाऱ्या पाचरीपाशी, थांबलो होतो. आपली काळी, दणकट, दुधाचे कॅन वाहणारी सायकल मुळात इंग्रजी. तिचे आटे, तिचे छरे, मिस्त्रीच्या खोक्यातले पाने, सगळं बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या मापाचं. पुढे मुंबईत हिंद, मद्रासला टीआय, सोनपतला अ‍ॅटलस, लुधियानात हिरो असे कारखाने उभे राहिले, तेही त्याच वळणाने गेले. परदेशी मालावर निर्बंध होते. त्यामुळे इटालियन सामान आपल्या दुकानांत जवळपास आलंच नाही. जे आलं ते बहुतेक कुणाच्या तरी बॅगेतून, वर्तमानपत्रात गुंडाळून.

आता चित्र वेगळं आहे. रविवारी पहाटे ठाण्याहून निघालेले सायकलवाले भिवंडीचे कंटेनर चुकवत अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला येतात आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी पाय शेकत बसतात. बऱ्याच सायकली कार्बनच्या. पण अधूनमधून एखादी बारीक पोलादी नळ्यांची, आडवी दांडी खरोखर आडवी असलेली सायकल दिसते. क्रँक आरशासारखी घासलेली, गिअरच्या दोन छोट्या दांड्या खालच्या नळीवर, आणि कंपनीचं नाव तिरक्या अक्षरांत कोरलेलं : काम्पान्योलो. तिचा मालक तिच्याजवळून हलत नाही. चहा आणायलाही दुसऱ्याला पाठवतो. या माणसाला नेमकं काय झालंय, हे या भागात पाहू.

सुरुवात एका नटापासून. १९२७ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या क्रोचे द'आउने नावाच्या घाटात तुल्लिओ काम्पान्योलो नावाचा शर्यतपटू थंडीत अडकला. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं करून बसवायचं, कारण हबच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दात्यांची चक्रं असत. चाक पंखाच्या नटांनी आवळलेलं. बोटं बधिर झाली, नट सुटेना, शर्यत गेली. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की इतिहासकार तिच्याकडे संशयाने बघतात, आणि मलाही ती जरा जास्तच गोळीबंद वाटते. पण नटाचा त्रास खोटा नव्हता. मुंबईहून १९२३ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण १९२७ च्या त्या नोव्हेंबरात अजून घरी परतायचे होते. वाटेत हजारदा चाक उघडताना त्यांनीही नटांना शिव्या घातल्या असतीलच.

तुल्लिओने उत्तर शोधलं ते एका तरफेचं. पोकळ अ‍ॅक्सलमधून सळई, एका टोकाला दांडी, दांडी फिरवली की चाक सुटं. आज आपण ज्याला क्विक रिलीज म्हणतो तेच हे. १९३३ मध्ये व्हिचेन्झा गावात कंपनी सुरू झाली. पुढचा टप्पा मात्र खरोखर अचाट होता. ‘काम्बिओ कोर्सा’ नावाच्या गिअरमध्ये मागच्या नळीला लावलेल्या दोन दांड्या असत. स्वाराने धावत्या सायकलवर हात मागे न्यायचा, एक दांडी फिरवून मागचं चाकच सैल करायचं, दुसरीने चेन ढकलायची, त्याच वेळी पेडल उलटं मारायचं, आणि चाक पुन्हा आवळायचं. हे सगळं शर्यतीत, घाटात. जिनो बार्ताली १९४८ ची टूर द फ्रान्स असल्या यंत्रावर जिंकला. एरवी हे वर्णन ऐकून कुणी म्हणेल की हा सर्कशीतला प्रकार आहे.

१९५० च्या आसपास ‘ग्रान स्पोर्ट’ आला आणि सर्कस संपली. चार सांध्यांची तिरपी चौकट, तारेने ओढली की चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर. तुमच्या मुलाच्या गिअरच्या सायकलवर मागे जो लोंबतो, तो याच्याच वंशातला. १९६७ चा ‘नुओवो रेकॉर्ड’ हा त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा देखणा अवतार. कुंडाकाठच्या त्या सायकलवर बहुधा तोच असतो.

आता वेडाच्या मुळाशी येऊ. लोक म्हणतात, चकाकीचं वेड. काही जणांना ते असतंही. खोका न उघडता कपाटात ठेवणारे संग्राहक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. पण जे ही सायकल चालवतात त्यांना दुसरंच काही धरून ठेवतं. या सामानातला प्रत्येक तुकडा सुटा होतो. हबमध्ये सीलबंद बेअरिंग नाही. कोन, वाटी, छरे आणि ग्रीस. मागच्या हबचे छरे पाव इंचाचे, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे डबीत पडलेले असतात तेच. (पुढच्या हबचे मात्र ७/३२ इंचाचे. हे माप आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि ३/१६ चे घालून ‘चालतंय की’ म्हणणारा मिस्त्री हबचं वाटोळं करतो.) गिअरच्या दांडीत टिकटिक करणारे ठरावीक थांबे नाहीत, नुसतं घर्षण. चेन नीट बसली की नाही हे कानाने ऐकायचं आणि दांडी केसभर मागेपुढे करायची. शिकायला वेळ लागतो. पण थांबे नसल्यामुळेच या गिअरला मागे पाच चक्रं असोत वा सात, कोणत्या कंपनीची आहेत याची पर्वा नसते. आजच्या बारा चक्रांच्या गिअरला त्याच घराण्याची चेन, तीच दांडी, तेच चक्र लागतं. एक बिघडलं की संच बदला. १९६७ चा गिअर लुधियानाच्या फ्रीव्हीलवर निमूट चालतो.

घाटात मात्र तो निमूटपणा महागात पडतो. त्या काळच्या ‘रेकॉर्ड’ क्रँकवर पुढचं लहान चक्र ४२ दात्यांचं असायचं, फार तर ४१. मागे नुओवो रेकॉर्डला २६ दात्यांपलीकडे झेपत नाही. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.४ मीटर पुढे जाते. आजच्या ३४ आणि ३२ च्या जोडीवर हेच अंतर सव्वादोन मीटर. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. जुन्या गिअरवर मिनिटाला ६० फेरे टिकवायचे तर तो घाट ताशी १२ किलोमीटरने चढावा लागेल. ते जमलं नाही तर फेरे ४० वर येतात आणि गुडघे बोलू लागतात. इटलीतल्या ‘लेरोइका’ या १९९७ पासूनच्या जुन्या सायकलींच्या मेळ्यात १९८७ पूर्वीच्याच सायकली चालतात, आणि तिथल्या चढांवर बरेच जण उतरून सायकल ढकलतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही.

ट्रॅकच्या सायकलीचा मामला याहून साधा आणि जास्त कडवा. तिला गिअर नाही, ब्रेक नाही, फ्रीव्हीलही नाही. मागचं चक्र हबला घट्ट. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. आपल्याकडे असा कललेला ट्रॅक पाहायचा तर पुण्यात बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या संकुलात. भारताने ऑलिंपिकला पहिल्यांदा सायकलपटू पाठवले ते १९४८ मध्ये लंडनला; त्या यादीत रोहिंटन नोबल, जहांगू अमीन अशी पारशी नावं आहेत. ट्रॅकच्या सामानाला इटालियनमध्ये ‘पिस्ता’ म्हणतात. पिस्ता हबच्या कडा मोठ्या, ताटलीसारख्या, म्हणजे तारा आखूड आणि चाक ताठ. ४८ आणि १५ च्या जोडीवर एका फेऱ्यात पावणेसात मीटर. शर्यतपटू एदी मेर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर काटले ते ५२ आणि १४ वर. एर्नेस्तो कोल्नागोने बांधलेली ती सायकल हलकी करायला तिच्या भागांना जिथे शक्य तिथे भोकं पाडली होती. नंतर जगभरच्या हौशी लोकांनी घरच्या ड्रिलने तोच उद्योग केला, त्यातल्या कित्येकांचे ब्रेक लिव्हर मोडले.

पिस्ता हबवर एक सुंदर गोष्ट आहे. चक्र उजव्या आट्यांवर बसतं. त्याच्या बाहेरचं कडं डाव्या आट्यांवर. वेग कमी करायला पायाने मागे रेटलं तर चक्र सुटू पाहतं, पण सुटताना ते कड्याला उलट आवळतं. दोघं एकमेकांना धरून ठेवतात.

ज्यांनी इतका विचार केला, त्याच इटालियनांनी क्रँकच्या अ‍ॅक्सलच्या घरात मात्र घोळ घातला. इंग्रजी मापात उजवीकडच्या वाटीचे आटे डावे असतात, आणि ते उगाच नाहीत. अंगठा आणि तर्जनीची कडी करा, आत पेन्सिल धरा आणि ती कडीच्या आतल्या कडेला टेकवत घड्याळाच्या दिशेने फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलटी गडगडते. क्रँक फिरताना छऱ्यांचा दाब वाटीवर असाच फिरत राहतो, आणि वाटी उलट्या दिशेने कणाकणाने सरकते. डावे आटे असतील तर या सरकण्याने ती आवळली जाते. इटालियन मापात, ३६ मिलिमीटर व्यास, इंचाला २४ आटे, दोन्ही वाट्या उजव्या. त्यामुळे उजवीकडची वाटी हळूहळू सुटते. तिला मरणाची आवळावी लागते, आणि एकदा आटे खराब झाले की आपल्याकडचा इंग्रजी टॅप तिथे उपयोगाचा नाही. जुनी इटालियन चौकट घेणाऱ्याने रंगापेक्षा आधी हे आटे बघावेत. दुसरं, क्रँकचे पाच पाय जिथे दांड्याला मिळतात तो कोपरा भिंगाखाली तपासावा. नुओवो रेकॉर्डच्या क्रँकला तिथेच तडा जातो. ‘सुपर रेकॉर्ड’चा टायटॅनियमचा अ‍ॅक्सल तर जड माणसाने वापरूच नये, तो मोडतो. १९८० च्या दशकातले त्रिकोणी ‘डेल्टा’ ब्रेक फोटोत अप्रतिम दिसतात. भिवंडीच्या नाक्यावर, समोर टेम्पो आडवा आल्यावर, ते थांबवतील यावर मी विसंबणार नाही.

आता अकलोलीचं पाणी. तानसाकाठची ही कुंडं एकटी नाहीत. गणेशपुरी, सातिवलीपासून खाली रत्नागिरीतल्या तुरळ-राजवाडीपर्यंत कोकणात गरम झऱ्यांची ओळच आहे. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तातून ही कुंडं झाली असं गावात सांगतात. भूशास्त्रज्ञ म्हणतात, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि क्षार घेऊन वर येतं. सायकलीच्या दृष्टीने दैत्य खरे हे क्षारच. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. क्लोराइड तो थर फोडतो. त्यात चौकट पोलादाची. कोलुंबस कंपनीच्या ‘एसएल’ नळीची जाडी मधल्या भागात फक्त ०.६ मिलिमीटर. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट, दोघांच्या मध्ये खारं पाणी किंवा घाम : ही झाली छोटी बॅटरी. अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि २७.२ मिलिमीटरची सीटपोस्ट नळीत कायमची बसते. व्हिचेन्झातल्या थंडीत ज्याला वीस वर्षं लागतील ते इथे दोन पावसाळ्यांत होतं. हाच प्रकार हँडलच्या दांड्याचा.

उपाय फुकटात होतो. दर पावसाळ्याआधी आणि नंतर सीटपोस्ट बाहेर काढायची, नळी चिंधीने पुसायची, ग्रीसचा जाड हात देऊन परत बसवायची. कुंडाचं पाणी उडालं असेल तर घरी पोचेपर्यंत थांबू नका. तिथेच बाटलीतलं साधं पाणी ओता आणि पुसा. पाइपचा जोरदार फवारा मात्र हबवर मारू नका. जुन्या रेकॉर्ड हबच्या मधोमध तेल घालायचं भोक असतं, त्यावरची पट्टी सरकलेली असेल तर पाणी थेट छऱ्यांवर जातं. आणि आधीच अडकलेली सीटपोस्ट हातोड्याने ठोकणाऱ्या मिस्त्रीच्या हाती चौकट देऊ नका. त्याआधी सायकल उलटी करून खालच्या बाजूने भेदक तेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पिळा.

(पुढच्या भागात : ट्युब्युलर टायर, ते रिमला चिकटवण्याचा डिंक, आणि मे महिन्यात डांबरावर तो वितळतो तेव्हा काय होतं.)