खाडीकाठचे समुद्रविज्ञान

समुद्रविज्ञान हा एक स्वतंत्र विषय असण्यापेक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भूशास्त्र यांचा संगम आहे. त्यामुळेच भारतात त्याचे शिक्षण बहुधा पदवीनंतर सुरू होते, आणि निरनिराळ्या शाखांचे पदवीधर एकाच वर्गात बसून परस्परांची परिभाषा शिकतात. हा संगम आवश्यक का ठरतो, हे समजण्यासाठी ठाण्याची खाडी हे उत्तम उदाहरण आहे.

सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी दक्षिणेस मुंबई बंदरात रुंद होऊन उघडते, तर उत्तरेस ती अरुंद होत जाते आणि तेथे एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीशी जोडली जाते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होत असल्याने एकाच ठिकाणच्या पाण्याची क्षारता, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, काही तासांत बदलते. शिवाय पावसाळ्यात गोड पाण्याच्या लोंढ्याने ती घसरते आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितके आतबाहेर होते, तितके अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत होत नाही. म्हणून नमुन्याच्या नोंदीत तिथी, वेळ आणि भरतीची अवस्था नसेल, तर त्या आकड्यावरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही.

याच खाडीकाठी, चेंदणी बंदर परिसरात, विद्या प्रसारक मंडळाचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे. तेथील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी खाडीच्या चिखलातील तळवासी जीवांचा, म्हणजे गाळात राहणाऱ्या कृमी, शिंपले इत्यादी प्राण्यांचा, दीर्घकाळ अभ्यास केला आहे. अशा अभ्यासात ठरावीक क्षेत्रफळाचा चिखल उचलून बारीक चाळणीतून धुतला जातो आणि चाळणीवर उरलेले जीव ओळखून मोजले जातात. पाणी वाहून जाते, परंतु गाळातील कृमीला सहसा दूर पळता येत नाही. त्यामुळे तिथे कोणत्या जाती टिकल्या आणि कोणत्या नाहीशा झाल्या, यावरून मागील अनेक महिन्यांच्या परिस्थितीचा अंदाज बांधता येतो. जातींची संख्या घटून एखाद्या सोशिक जातीचीच गर्दी झाली, तर सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य वाढल्याची शंका घेतली जाते. तिची शहानिशा करण्यासाठी पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजावा लागतो. नमुन्याच्या बाटलीत जागच्या जागी रसायने घालून तो 'बांधून' ठेवतात आणि प्रयोगशाळेत अनुमापनाने त्याचे प्रमाण ठरवतात.

या मोजमापांचे महत्त्व रोहित पक्ष्यांच्या बाबतीत स्पष्ट होते. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. मात्र पक्षी मोठ्या संख्येने येतात म्हणून पाणी स्वच्छ आहे, असे मानता येत नाही. लहान रोहित मुख्यत्वे सूक्ष्म शैवालांवर जगतो आणि सांडपाण्यातील नत्र-स्फुरदाने शैवाल उलट फोफावते.

खाडीतून खुल्या समुद्राकडे जायचे, तर ठाणे-कल्याण पट्ट्यातील पदवीधराला जवळची दिशा गोव्याची आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय दोना पावला येथे असून एक प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे. गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, तर मत्स्यविज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. 'सिंधु साधना'सारख्या संशोधन नौकांवरून खोल पाण्याची क्षारता, तापमान आणि प्राणवायू मोजला जातो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खाली प्राणवायू अत्यल्प असलेला जाड थर आहे, तो अशाच मोजमापांतून उलगडला. पृष्ठभागावरून खाली पडणारे सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू खर्च होतो आणि त्याची भरपाई मंदगतीने होते. खाडीच्या अरुंद टोकाशीही, वेगळ्या प्रमाणावर, हाच हिशेब चालतो.

पदव्युत्तर प्रबंध काही महिन्यांत आणि डॉक्टरेटचा काही वर्षांत पुरा होतो, परंतु खाडीतील बदल दशकांच्या मापाने घडतात. एका विद्यार्थ्याला त्यांचा फक्त तुकडा दिसतो. म्हणून समुद्रविज्ञान संस्थेचे मोल केवळ तिने दिलेल्या पदव्यांवर ठरत नाही. एकाच जागी, एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदी ती पिढ्यान्पिढ्या किती निष्ठेने चालू ठेवते आणि पुढच्या संशोधकाच्या हाती सोपवते, यावरही ते ठरते.