ईसीजी नॉर्मल आहे, पण छाती आवळतेच आहे!

'काय नाही ओ, गॅस झालाय. काल तांबडा रस्सा जरा जास्तच झाला असंल.' कोल्हापुरात छातीत आवळतंय असं म्हणणाऱ्याला हे निदान डॉक्टरकडे जायच्या आधीच घरात, रिक्षात आणि मेडिकलच्या काउंटरवर फुकट मिळतं. ओवा चावून होतो, इनो होतो, थंड दूध होतं. मग कुणीतरी शहाणा दवाखान्यात नेतो. ईसीजी नॉर्मल निघतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ज्याची छाती आवळतेय त्याचा मात्र नाही, कारण इथून पुढे निदान बदलतं. आता गॅस मागे पडतो आणि 'टेन्शन' पुढे येतं.

मुख्य गैरसमज : 'ईसीजी नॉर्मल, म्हणजे काही नाही.'

हे वाक्य दोन्ही बाजूंनी चूक आहे. पहिली बाजू हृदयाची. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून शंका असेल तर काही वेळाने तो पुन्हा काढतात आणि हृदयाची इजा दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिनही तपासतात. एका पट्टीवर विसंबून घरी जाणं धोक्याचं, विशेषतः बायकांसाठी, कारण त्यांच्यात अटॅकची लक्षणं बऱ्याचदा ठरावीक साच्यातली नसतात.

दुसऱ्या बाजूकडे तर कुणी बघतच नाही. ईसीजी फक्त हृदयाबद्दल बोलतो. छातीत हृदयाखेरीज फुप्फुसं आहेत, अन्ननलिका आहे, बरगड्या आहेत, त्यांच्यामधले स्नायू आहेत. आणि या सगळ्यांची खबर मेंदूला देणारा मज्जारज्जू आहे. बिघाड तिथे असेल तर हजार ईसीजी काढले तरी ते नॉर्मलच येणार.

समजा, राजारामपुरीतल्या एखाद्या शाळेत शिकवणाऱ्या पस्तिशीतल्या बाई आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना एका डोळ्याने धूसर दिसू लागलं होतं, तो डोळा हलवला की दुखायचा. काही आठवड्यांत ते आपोआप सुधारलं. पुढे कधीतरी पायांना मुंग्या आल्या, त्याही गेल्या. आता दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभ्या असताना छातीच्या खालच्या बाजूला, ब्लाऊजच्या शेवटच्या हुकाच्या रेषेत, कुणी पट्टा आवळत नेल्यासारखं होतं. श्वास आत जातो, पण बरगड्यांना फुलायला जागाच नाही असं वाटतं. हूक सैल करूनही फरक पडत नाही, उलट कापडाचा नुसता स्पर्श भाजल्यासारखा लागतो. कधी हे दहा मिनिटांत सुटतं, कधी रात्रभर सुटत नाही.

डोळा, पाय आणि छाती ही तीन वेगळी दुखणी नसतील, एकाच आजाराची असतील, हा विचार इथे कुणाच्या तरी मनात यायला हवा. त्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. मानेतल्या किंवा पाठीतल्या मज्जारज्जूवर असा चट्टा पडला की छातीकडून येणारे संदेश वाटेत बिघडतात. बरगड्या धडधाकट असतात, पण मेंदूला मात्र 'आवळलंय' असा निरोप पोचतो. काहींच्या बाबतीत बरगड्यांमधल्या स्नायूंना खरोखरच पेटके येतात. जगभरचे रुग्ण आणि डॉक्टर याला 'एमएस हग' म्हणतात.

'एमएसमध्ये दुखत नाही' असंही ठणकावून सांगितलं जातं. २०१३ साली 'पेन' या वैद्यकीय नियतकालिकात १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे ६३ टक्क्यांना कुठली ना कुठली वेदना होती. आणि 'मनाचे खेळ' हा शेरा काही आपल्याकडेच मारला जातो असं नाही. जगप्रसिद्ध ब्रिटिश चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांच्या बोटांतली संवेदना १९७१च्या सुमारास कमी होऊ लागली, तेव्हा त्यांचीही लक्षणं मानसिक ताणावर ढकलली गेली होती. एमएसचं निदान झालं ते १९७३ साली.

मग करायचं काय? न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा आणि मागची सगळी लक्षणं, अगदी 'आपोआप बरी झालेली' सुद्धा, सांगायची. एमआरआय करताना मेंदूबरोबर मान आणि पाठीचा मज्जारज्जूही बघितला जातोय ना, हे विचारायचं. छातीचा पट्टा आवळणारा चट्टा बहुधा तिथेच सापडतो.

पट्टा आवळला म्हणजे एमएसच, असा उलटा निष्कर्षही काढू नका. मणक्याच्या टीबीत, बी-१२च्या कमतरतेत, एमएससारख्याच दिसणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारातही असं होऊ शकतं. नागिणीत पुरळ उठायच्या आधी काही दिवस छातीच्या एकाच बाजूला अशी आग होते. न्यूरोमायलायटिस तर वेगळा ओळखलाच पाहिजे, कारण एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात.

'फिटची गोळी दिली, म्हणजे डॉक्टरच चुकले.'

नाहीत चुकले. ही वेदना नसांची आहे, तिच्यावर नेहमीच्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन ही मुळात फिटची औषधं, तर अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही नैराश्याची. पण नसांच्या वेदनेवर ती जगभर वापरली जातात. पुतण्या मोबाइलवर गोळीचं नाव टाकतो, 'डिप्रेशन' वाचतो आणि घरभर सांगत सुटतो, 'बघा, काकूंना मनाचाच आजार आहे!' पुतण्याने मोबाइल खाली ठेवावा. स्नायूंच्या पेटक्यांवर बॅक्लोफेन देतात. ती गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून एकदम तोडू नये, तसं करणं धोक्याचं असतं.

'उन्हात त्रास वाढला, म्हणजे आजार वाढला.'

विल्हेल्म उट्होफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं होतं, की श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती मंद होते. आवरण गेलेल्या नसेतून संदेश तसेही अडखळतच जातात. श्रमाने किंवा उन्हाने शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी ते आणखी अडखळतात. चैत्र यात्रेत भर उन्हात जोतिबाचा डोंगर चढलात, ताप आला, जागरण झालं, की पट्टा घट्ट होणारच. अंग थंडावलं, विश्रांती मिळाली की तो सैल पडतो. यात नवा चट्टा पडलेला नसतो. मात्र ताप नसताना एखादं नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

'एमएस आहे ना? मग छातीचं दुखणं त्याचंच.'

हा गैरसमज निदान झालेल्या घरांत आढळतो आणि जिवावर बेतू शकतो. इंग्लंडमधल्या नोंदींवर आधारलेल्या २०२०च्या मोठ्या अभ्यासात एमएसच्या रुग्णांना हार्ट अटॅकसारख्या घटनांचा धोका इतरांपेक्षा सुमारे २८ टक्के जास्त आढळला. नेहमीपेक्षा वेगळं दुखणं, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असं काही झालं, तर १०८ला फोन करा. सरकारी सीपीआर रुग्णालय असो वा खासगी, आधी हृदय तपासून घ्या, एमएसचं नंतर बघता येईल.

बाकीचे, थोडक्यात

'चमक भरलीय, तालमीतल्या वस्तादाकडून चोळून घ्या.' चट्टा मज्जारज्जूत आहे, बरगड्या चोळून तो जात नाही.

'हा गोऱ्यांचा आजार.' मंगळुरू शहरातल्या पाहणीत लाखामागे सुमारे ८ रुग्ण आढळले. तोच दर धरला तर २०११च्या जनगणनेत ३८ लाखांवर असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात तीनशेच्या आसपास माणसं निघतील.

'लागण होते.' होत नाही. ताट-पाणी वेगळं करायचं काही कारण नाही.

'मूल होऊ देऊ नये.' होऊ द्यावं, फक्त औषधांचं नियोजन आधी करावं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आजार उलट शांत राहतो. बाळंतपणानंतरचे तीन महिने जपायचे असतात.

'दिसत तर काहीच नाही, कसलं अपंगत्व?' २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आणि घरच्यांना मदत करते.

'कुणाची तरी नजर लागली.' या मंडळींशी वाद घालण्यात दम घालवू नये. पट्टा कधी आवळला, किती वेळ टिकला, त्याआधी ऊन, ताप, जागरण झालं होतं का, हे एका वहीत लिहा, ती वही न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा, एमआरआयची तारीख घ्या. एवढं झाल्यावर लिंबू उतरवायचंच असेल तर खुशाल उतरवा.