मालदांडीचें बीं व पेशींतील दुहेरी वारसा

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस मालदांडी ज्वारीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरलेली, पुढें पाऊस नसतां काळींत मुरलेल्या ओलीवर पिकणारी, टपोऱ्या दाण्याची व गोड कडब्याची ही ज्वारी घरोघरीं आहे. परंतु तिच्या बियांत निसर्गानें काय सांठविलें आहे, हें पेशीविज्ञान व अनुवंशशास्त्र यांनीं अलीकडे ज्या बारकाईनें उलगडून दाखविलें आहे, तें ठाऊक असल्यास बियाणें राखण्याचें काम अधिक जाणतेपणानें करतां येईल. म्हणून त्याची थोडी माहिती येथें देत आहों.

१९३० नंतरच्या दशकांत आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडींतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार झाला. हा निवडीचा मार्ग ज्या तत्त्वावर उभा आहे तें डेन्मार्कमधील योहानसेन या शास्त्रज्ञानें १९०३ मध्यें घेवड्यावरील प्रयोगांनीं सिद्ध केलें होतें. एकाच झाडाच्या शुद्ध वंशांतील मोठा दाणा पेरला काय किंवा लहान पेरला काय, पुढील पिकांत सरासरी फरक पडत नाहीं. तो लहानमोठेपणा जमिनीचा, खताचा व ओलीचा असतो, वंशाचा नसतो. निवडीला फळ येतें तें अनेक वंश एकत्र नांदत असतील तेथेंच. आपल्या पूर्वजांनीं मालदांडींत असे अनेक वंश जिवंत ठेवले होते, म्हणूनच मोहोळच्या संशोधकांस निवडण्याजोगें कांहीं सांपडलें.

आतां पेशीकडे वळूं. ज्वारीच्या प्रत्येक पेशींत एक केंद्रक असतें व त्यांत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून येतें. परंतु केंद्रकाबाहेरील पेशीद्रव्यांतही वारसा असतो. तेथें पेशीला शक्ति पुरविणाऱ्या सूक्ष्म तंतुकणिका असतात आणि त्यांचीं स्वतःचीं निराळीं जनुकें असतात. हा दुसरा वारसा ज्वारींत केवळ आईकडून येतो. परागाबरोबर तो येत नाहीं. कणसावर कोणाचाही पराग पडो, बियांतील पेशीद्रव्य त्या ताटाचेंच राहतें.

या गोष्टीवरच संकरित ज्वारीचा सारा व्यवहार उभा आहे. ज्वारीच्या इवल्याशा फुलांत नर व मादी दोन्ही भाग असल्यामुळें हातानें परागकोश काढून शेतभर संकर करणें अशक्य. १९५४ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास येथें स्टीफन्स व हॉलंड यांनीं माइलो ज्वारीच्या पेशीद्रव्यांत काफिर ज्वारीचें केंद्रक आणलें, तेव्हां परागाविना परंतु दाणा धरणारीं कणसें मिळालीं. अशा मादीच्या ओळींशेजारीं योग्य नर वाण पेरला कीं संकरित बीं आपोआप तयार होतें. याच रीतीनें १९६४ मध्यें आपल्याकडे ‘सी.एस.एच.-१’ ही पहिली संकरित ज्वारी आली व खरिपाचें उत्पन्न वाढलें. रब्बींत मात्र संकरित वाणांचा तसा जम बसला नाहीं. भाकरीची चव, कडब्याची प्रत व खोडमाशीशीं टिकाव या कसोट्यांवर शेतकऱ्यांनीं मालदांडीच पसंत केली.

परंतु सर्वांनीं एकाच पेशीद्रव्यावर विसंबण्यांत धोका असतो. १९७० सालीं अमेरिकेंतील बहुतेक संकरित मक्याच्या बियांत टेक्सास नांवाचें एकच पेशीद्रव्य होतें. पानांवरील करप्याची एक नवी जात नेमकी त्याच पेशीद्रव्यावर उलटली व त्या देशाचें सुमारें शेंकडा १५ पीक बुडालें. दोष तंतुकणिकेंतील एका जनुकाचा होता, असें पुढें संशोधनांत आढळलें. ज्वारीचें बहुतेक संकरित बीं आजही माइलोच्या पेशीद्रव्यावरच निघतें. म्हणून निराळ्या पेशीद्रव्यांचा शोध चालू आहे. अभिमानाची गोष्ट ही कीं, त्यांपैकीं एक खुद्द मालदांडींत सांपडलें असून जगभरचे संशोधक त्याला ‘मालदांडी पेशीद्रव्य’ म्हणूनच ओळखतात. त्यावर पुन्हा पराग धरविणारे नर वाण थोडे आहेत, ही त्याची अडचण. तरीही ही ठेव आपल्या रानांतली आहे.

२००९ मध्यें ज्वारीच्या केंद्रकांतील सुमारें ७३ कोटी अक्षरांचा जनुकलेख वाचून प्रसिद्ध झाला. त्यामुळें एकेक गुण गुणसूत्राच्या कोणत्या तुकड्यावर आहे हें शोधणें सोपें झालें. ओल सरत आली असतांही पानें हिरवीं ठेवण्याचा गुण इथिओपियांतील ज्वारीपासून काढलेल्या एका वाणांत चार तुकड्यांवर सांपडला. हैदराबादेजवळील पटनचेरु येथें ते तुकडे आपल्या रब्बी वाणांत उतरविण्याचे प्रयोग झाले. दाणा भरतांना ज्यांची ज्वारी खडखड्यानें लोळते, त्यांस या गुणाचें मोल सांगावयास नको.

यांतून शेतकरी बंधूंनीं घ्यावयाचा बोध असा. संकरित पिकाचें बीं पुन्हा पेरूं नये. त्याचे गुण पुढील पिढींत फुटतात. मालदांडीसारख्या सरळ वाणाचें बीं घरीं राखतां येतें, परंतु ज्वारींत सुमारें शेंकडा ५ ते १५ परपराग होतो, म्हणून बियाण्याचा तुकडा दुसऱ्या वाणापासून दूर असावा. कणसें खळ्यावरील ढिगांतून न वेंचतां उभ्या पिकांत वेंचावींत. बांधालगतचें किंवा उकिरड्याच्या जागेवरचें भलें मोठें कणीस घेऊं नये. तो मोठेपणा जागेचा असतो. सारख्या जमिनींत, शेजाऱ्यांइतकीच ओल मिळूनही जें ताट निरोगी राहिलें व उभें राहिलें, त्याचेंच कणीस घ्यावें.

राहुरीच्या कृषि विद्यापीठानें हलक्या जमिनीस फुले अनुराधा, भारी जमिनीस फुले वसुधा व बागायतीस फुले रेवती असे नवे वाण दिले आहेत. ते अवश्य पेरावेत. २०१६ मध्यें मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकनही मिळालें. तथापि नवा वाण ज्या जुन्या वंशांतून निघतो, ते वंश शेतांतून नाहींसे झाले तर उद्याच्या संशोधकानें निवडावें तरी कशांतून? यास्तव ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित मालदांडी असेल, त्यांनीं नव्या वाणाशेजारीं निदान पाभरीचीं चार तासें तरी तिच्यासाठीं दरवर्षीं राखावींत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.