टीएसएच वाढला म्हणजे नेमके काय झाले?

ओळख जीवशास्त्राची : लेखांक ९

संप्रेरके रक्तातून सगळ्या शरीरभर फिरतात, हे मागच्या लेखात पाहिले. पण कोणते संप्रेरक किती तयार करायचे, हे कोण ठरवते? थायरॉईडच्या तपासणीचा रिपोर्ट हाती घेतला तर याचे उत्तर मिळते. टीएसएचचा आकडा जास्त आला की घरात ‘थायरॉईड वाढलंय’ असे म्हटले जाते. बहुतेक वेळा परिस्थिती उलटी असते: ग्रंथीचे काम मंदावलेले असते.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तो सोडते. थायरॉईडने संप्रेरक तयार करावे, असा तो हुकूम असतो. त्या हुकमानुसार गळ्यातली ग्रंथी टी-४ आणि थोडे टी-३ बनवते. रक्तात ही दोन्ही पुरेशी झाली की पीयूषिका हात आखडता घेते. कमी पडली की टीएसएच वाढवते. पीयूषिकेच्याही वर मेंदूतला अधश्चेतक आहे आणि त्यालाही हाच नियम लागू पडतो. परिणामानेच कारणाला आवर घालायचा, या व्यवस्थेला ऋण प्रत्याभरण म्हणतात.

ग्रेव्हज् या आजारात ही साखळी तुटते. शरीराचीच प्रतिपिंडे टीएसएचच्या जागी थायरॉईडला चिकटतात आणि तिला राबवत राहतात. पीयूषिका टीएसएच जवळजवळ बंद करते, पण प्रतिपिंडे तिचे ऐकत नाहीत. म्हणून इथे टीएसएच अगदी कमी आणि टी-४ जास्त दिसते.

गलगंडात मात्र साखळी शाबूत असूनही माणूस आजारी पडतो. टी-४च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. अन्नात आयोडीनच नसेल तर हुकूम कितीही आले तरी संप्रेरक बनणार कशाचे? टीएसएचच्या सततच्या तगाद्याने ग्रंथी फुगत जाते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवले, तिसऱ्यात साधे. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आता औषधाविषयी. गोळीतून मिळणारे टी-४ रक्तातून निम्मे व्हायला साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे नवा डोस सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि पीयूषिकाही त्यानंतरच खरा अंदाज देते. डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात, ती यासाठी. दहाव्या दिवशी टीएसएच पाहून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू किंवा थांबवू नका. आणि पीयूषिकाच आजारी असेल तर एकटा टीएसएच फसवू शकतो, म्हणून रिपोर्टमधले टी-४ही डॉक्टरांना दाखवा.

पुढील आठवड्यात : रक्तातली साखर आणि इन्सुलिन.